संकवक आणि औषधी वनस्पतींतील गुणकारी द्रव्ये

संकवक, अर्थात मायकोरायझा, म्हणजे वनस्पतीचे मूळ आणि कवक (बुरशी) यांचे परस्परांना उपकारक असे साहचर्य. ही संज्ञा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ मध्ये रूढ केली. तुळस, शतावरी, सफेद मुसळी यांसारख्या बहुतेक औषधी वनस्पतींत आर्बस्क्युलर, म्हणजे मुळाच्या पेशींत झुडपासारख्या फांद्या पसरणाऱ्या, प्रकारचे संकवक असते. तुळशीचे बारीक मूळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात तापवून रंगहीन केले आणि ट्रिपॅन ब्लूने रंगवले, तर सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपेशीत निळी, फांद्याफांद्यांची इवली झुडपे दिसतात. देवघेव चालते ती इथेच : कवक मातीतला स्फुरद (फॉस्फरस) आणून देते आणि वनस्पतीकडून शर्करा व मेद घेते.

औषधी द्रव्य बनवते ती वनस्पतीच. कवक तिची परिस्थिती बदलते. टर्पिन वर्गातील द्रव्ये (अनेक सुगंधी व औषधी द्रव्ये यात मोडतात) ज्या घटकांपासून जुळवली जातात, ते स्वतःच स्फुरदयुक्त असल्याने स्फुरदाचा पुरवठा सुधारला की त्यांच्या निर्मितीला वाव मिळतो. शिवाय कवक मुळात शिरल्यावर वनस्पतीची संरक्षणयंत्रणा काही अंशी जागी होते व जॅस्मोनिक आम्लासारखी संप्रेरके वाढू शकतात. आर्टेमिसिया ॲनुआ या वनस्पतीत संकवकामुळे पानांवरील ग्रंथियुक्त केसांची दाटी आणि त्या केसांत तयार होणारे हिवतापावरील आर्टेमिसिनिन, दोन्ही वाढल्याचे प्रयोगांत आढळले आहे. कोलियस या औषधी वनस्पतीच्या मुळांतील फोर्सकोलिन या द्रव्याबाबतही असेच निष्कर्ष आहेत. मात्र कवकाची जाती, पिकाचा वाण आणि जमीन बदलली की परिणामही बदलतो, कधी उलटाही होतो. द्रव्याची टक्केवारी तशीच राहून केवळ पाला वाढल्याने एकूण उतारा वाढला, तर तो वेगळा परिणाम मानावा लागतो. जाहिरातींत हा भेद सहसा पुसला जातो.

जमिनीचा प्रभाव कोल्हापूर जिल्ह्यात चांगला समजून घेता येतो. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी या घाटमाथ्याच्या पट्ट्यात मुसळधार पावसाने निचरलेल्या जांभ्या जमिनीतील लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला जखडून ठेवतात, तो मुळांच्या हाती सहज लागत नाही, आणि अशा वेळी मुळाच्या आवाक्यापलीकडे पसरणारे कवकतंतू वनस्पतीला खरा आधार देतात. याउलट पंचगंगाकाठच्या उसाच्या मळ्यात वर्षानुवर्षे फॉस्फेटी खते पडून स्फुरद साचला असेल, तर वनस्पती कवकाला आपल्या मुळांमध्ये फारसा थारा देत नाही. त्यामुळे तिथे औषधी पिकाच्या सरीत मायकोरायझाची पावडर टाकण्याआधी मातीपरीक्षण करून घेणे श्रेयस्कर.

पश्चिम घाटातील नरक्या या झाडाबाबत एक घोटाळा नेहमी होतो. कर्करोगविरोधी औषधांसाठी लागणारे कॅम्प्टोथेसिन या झाडात असते आणि त्याच्या ऊतींतून वेगळे केलेले एक कवक प्रयोगशाळेत ते स्वतःही तयार करते असे आढळले आहे. पण ते वनस्पतीच्या अंगात राहणारे अंतर्वासी कवक आहे, मुळापासून मातीत जाळे पसरून स्फुरद आणणारे संकवक नव्हे.