क्रेगीव्हार आणि बॅल्मोरल: बुरुजांना भुलू नका

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनशरच्या या दोन वास्तूंचे फोटो शेजारी ठेवले तर दोन्ही एकाच काळातल्या वाटतात. तेच टोकदार टोप्यांचे बुरूज, तीच उतरती छपरं. प्रत्यक्षात क्रेगीव्हार 1626 मध्ये पूर्ण झालं, बॅल्मोरल 1856 मध्ये. पहिलं अस्सल टॉवर हाउस, म्हणजे मनोऱ्यासारखं उंच उभं घर; दुसरं त्याची नक्कल करणाऱ्या ‘स्कॉटिश बॅरोनियल’ शैलीतलं.

बुरुजांवरून ओळखायला गेलात तर फसाल. क्रेगीव्हारचे बुरूजही बरेचसे मिरवण्यासाठीच आहेत. बाल्टिक व्यापारात गबर झालेल्या विल्यम फोर्ब्जला वेढ्यापेक्षा रुबाबाची जास्त फिकीर होती. बघायचं ते खोल्या कशा मांडल्यात हे. टॉवर हाउस वर चढत जातं. तळाला कमानी छताचं स्वयंपाकघर आणि कोठारं, वर मोठा दिवाणखाना, त्याच्याही वर झोपायच्या खोल्या, आणि तिथे जायला अरुंद गोल जिने. म्हणून खालच्या भिंती जवळजवळ कोऱ्या, आणि सगळी हौस छपरालगत, भिंतीतून पायरीपायरीने पुढे काढलेल्या दगडांवर.

दाराशीही जरा थांबा. लाकडी दरवाज्याच्या जोडीला लोखंडी गजांचं फाटक असतं, त्याला तिकडे ‘येट’ म्हणतात. स्कॉटिश येटची खुबी अशी, की काही भागात आडवे गज उभ्यांच्या पोटातून ओवलेले असतात, तर काही भागात नेमकं उलट. त्यामुळे एखादा गज उपसून काढणं जवळपास अशक्य. आत दिवाणखान्याच्या छतावर गिलाव्यातली नक्षी, मधूनमधून खाली लोंबणाऱ्या कळ्या, आणि शेकोटीवर थेट स्टुअर्ट राजघराण्याचं चिन्ह. मालक व्यापारी, पण थाट दरबारी!

बॅल्मोरल मात्र आडवं पसरतं. राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्ट याने 1852 मध्ये ही मालमत्ता घेतली, ॲबर्डीनच्या विल्यम स्मिथकडून आराखडा करवला आणि त्यात स्वतःही भरपूर लक्ष घातलं. घर दोन चौकांभोवती बांधलंय. मनोरा आहे, पण तो काढून टाकला तरी घर अडणार नाही. क्रेगीव्हारला गुलाबी गिलावा, इथे उघडा फिकट ग्रॅनाइट. आत गालिच्यांपासून पडद्यांपर्यंत टार्टनच टार्टन, म्हणजे चौकड्यांचं स्कॉटिश कापड. त्यातलं करड्या रंगाचं खुद्द अल्बर्टने बेतलेलं. मला तो अतिरेक वाटतो.

क्रेगीव्हार आतून बघायचं असेल तर चांगल्या उजेडाचा दिवस निवडा. वरच्या मजल्यांवर विजेचे दिवे नाहीत.