‘न्याय न मिळालेला’ अल्बम म्हणजे कोणता? सोलापूरच्या श्रोत्यांच्या आवडीमागचा इतिहास

सोलापुरात गाण्याचा नाद असलेली चार माणसे एकत्र बसली की बोलणे हमखास दोन प्रश्नांवर येते : तुमचा सर्वांत आवडता अल्बम कोणता, आणि ज्याला त्याच्या योग्यतेचा मान मिळालाच नाही असा अल्बम कोणता. उत्तरे एकमेकांच्या जवळपासही नसतात. एकजण किशोरी आमोणकरांनी गायलेल्या भूप रागाचे नाव घेतो, दुसरा दक्षिणेतील चित्रपट-संगीतकार इळैयाराजांच्या वाद्यसंगीताचे, तिसरा प्रल्हाद शिंदे यांच्या भक्तिगीतांचे, आणि विशीतला एखादा मुलगा ज्याचे नाव बाकीच्यांनी कधी ऐकलेलेही नाही अशा रॅप गायकाला ‘अंडररेटेड’ ठरवतो. हा केवळ आवडीनिवडीचा भेद आहे, असे म्हणून विषय सोडून देणे मला पटत नाही. कोणते गाणे या शहरात कशावर नोंदले जाऊन आले, ते कोणाच्या घरात वाजले आणि त्याची दखल घेण्याचे काम कोणाकडे होते, या तीन गोष्टींचा इतिहास त्या उत्तरांमागे उभा आहे.

अल्बम या शब्दाने मराठी घरात आजही आधी लग्नाच्या फोटोंची जाड वही डोळ्यांसमोर येते, आणि संगीतातला अर्थही तशाच वहीतून आलेला आहे. 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले त्या काळापासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तबकडीच्या एका बाजूवर सहसा तीन-साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त संगीत मावत नसे. त्यामुळे लांबीची रचना विकायची झाल्यास अनेक तबकड्या कागदी खिशांच्या पुठ्ठ्याच्या वहीत घालून एकत्र दिल्या जात आणि त्या वहीला अल्बम म्हणत. जून 1948 मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी लाँग प्लेइंग तबकडी बाजारात आणली, एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली, वही गेली आणि तिचे नाव मात्र तबकडीला चिकटून राहिले.

आपल्याकडे या वाढलेल्या वेळेचा खरा लाभ रागसंगीताला झाला. अब्दुल करीम खाँसाहेबांना जो राग तीन मिनिटांत गुंडाळावा लागला होता, तो पुढच्या पिढीला श्वास घेत मांडता आला. किशोरीताईंच्या तबकडीवर एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री आहे, आणि महाराष्ट्रातील असंख्य श्रोत्यांच्या मनात या दोन रागांचे रूप त्या एका तबकडीने पक्के केले. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांनी काश्मीरच्या खोऱ्यातील एक दिवस रागांच्या क्रमाने उभा केला. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, 1974 साली आलेल्या ‘शिवकल्याण राजा’त हृदयनाथ मंगेशकरांनी रामदास, भूषण, सावरकर अशा वेगवेगळ्या काळांतील कवींच्या रचना एका सूत्रात ओवल्या. गाण्यांची पुरचुंडी आणि सलग ऐकण्याची कलाकृती यांतला फरक या तबकड्यांनी शिकवला. मात्र ज्या सोलापूरचा दिवस गिरणीच्या भोंग्याने सुरू होत असे, तिथे रेकॉर्ड प्लेअर ही चैन होती. तो वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्या दिवाणखान्यात असे. कामगार वस्तीत आणि मागावर गाणे येई ते रेडिओतून, म्हणजे सुटे आणि एकेकटे.

म्हणूनच क्रम लावण्याची आपली जुनी सवयही गाण्यांची आहे, अल्बमची नाही. 1952 साली रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या ‘बिनाका गीतमाले’त अमीन सयानी ज्या पायऱ्या जाहीर करत त्या गाण्यांच्या होत्या. सबंध अल्बमची तुलना करून त्यांच्या याद्या करण्याची रीत पाश्चात्त्य नियतकालिकांची. तिच्यातून एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते, ती अशी की मोठेपण एकदा ठरले की कायमचे ठरत नाही. ‘रोलिंग स्टोन’च्या 2003 च्या पाचशे अल्बमच्या यादीत बीटल्सचा 1967 चा ‘सार्जंट पेपर्स’ पहिला होता. 2020 मध्ये नव्याने मते घेतली तेव्हा मार्विन गे यांचा 1971 चा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ पहिला आला आणि ‘सार्जंट पेपर्स’ चोविसाव्या क्रमांकावर गेला. ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड अँड निको’ हा अल्बम 1967 मध्ये ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या खपाच्या तक्त्यावर 171 व्या क्रमांकाच्या वर चढू शकला नव्हता, तो त्याच 2003 च्या यादीत तेरावा होता. निक ड्रेक यांचा 1972 चा ‘पिंक मून’ त्यांच्या हयातीत फारसा खपलाच नाही. 1974 मध्ये ते गेले, आणि पंचवीस वर्षांनंतर एका मोटारीच्या जाहिरातीत त्यातले गाणे वाजल्यावर लोक तो शोधू लागले. ‘न्याय न मिळालेला अल्बम’ ही कल्पना जगभर रूढ झाली ती अशा उदाहरणांवरून, आणि तिच्यात एक गृहीत आहे : ज्याची विक्री झाली नाही, पण जाणकारांनी नंतर ज्याला उचलून धरले, तो उपेक्षित.

सोलापूरला हे गृहीत लागू पडत नाही, आणि ते कॅसेटने सिद्ध केले. फिलिप्स कंपनीने 1963 साली आणलेली कॅसेट ऐंशीच्या दशकात भारतात स्वस्त झाली. तबकडी काढायला मोठी कंपनी आणि मोठे भांडवल लागे. कॅसेट काढायला छोटा निर्माताही पुरे होता, त्यामुळे ज्या बोलींना, ज्या जातिसमूहांना आणि ज्या दैवतांना तबकडीवर जागा मिळाली नव्हती, त्यांची गाणी दुकानात आली. शिवाय कॅसेट ‘भरून’ मिळत असे. गाण्यांची यादी कागदावर लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि चार दिवसांनी घ्यायला जायचे. आमच्या घरी अशी एक साठ मिनिटांची कॅसेट होती. तिच्या कार्डावर वडिलांच्या अक्षरात निळ्या शाईने ‘अभंग 1, नाट्यगीत 1, भूप’ असे लिहिलेले होते. आधीच्या दोन गाण्यांनी वेळ खाल्ल्यामुळे भूपाची द्रुत, म्हणजे जलद लयीतली, बंदिश ऐन रंगात असताना तीस मिनिटे भरत आणि खट्कन बटण वर येई. अनेक वर्षे मला तो भूप तिथेच संपतो असे वाटत होते. मूळ तबकडी पहिल्यांदा पूर्ण ऐकली तेव्हा मी तिशीत होतो, आणि त्या उरलेल्या काही मिनिटांनी मला जे दिले ते कोणत्याही यादीतल्या क्रमांकाने देता येणार नाही.

याच कॅसेटच्या काळात मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंदे यांचा आवाज गावोगाव पोहोचला. खड्या, मोकळ्या, कव्वालीत तयार झालेल्या त्या गळ्याने विठ्ठलाची भक्तिगीतेही गायली आणि भीमगीतेही, आणि दोन्हीकडच्या श्रोत्यांनी तो आपलाच मानला. आषाढीला पंढरपूरकडे निघालेल्या वाटेवर ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ ऐकू आले नाही असे होत नाही. चौदा एप्रिलला त्याच गळ्यातली भीमगीते सोलापूरच्या चौकाचौकांतून वाजतात. पुढे आनंद आणि मिलिंद या मुलांच्या कॅसेटनी खपाचे नवे मान प्रस्थापित केले. असे असूनही मराठीतील उत्तम अल्बमची चर्चा सुरू झाली की भावगीत, नाट्यगीत आणि अभंग यांची नावे निघतात, प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटचे नाव क्वचितच निघते. लाखोंनी ऐकलेले पण मोजदादीत न धरलेले, असा हा उपेक्षेचा दुसरा प्रकार आहे आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा अधिक गंभीर आहे. त्याचे कारण संगीतात नसून लिहिणाऱ्यांच्या घरात आहे : समीक्षा लिहिणाऱ्यांच्या दिवाणखान्यात तबकडी होती, आणि ही कॅसेट चहाच्या टपरीवर, टेम्पोत आणि मंडपात वाजत होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात याच शहराच्या राम जोशींनी लावणीला पंडिती भाषेचा साज चढवला, तरी लावणीला प्रतिष्ठित घरात प्रवेश मिळायला दीर्घ काळ गेला. तीच गत कॅसेटच्या वाट्याला आली.

सोलापूरचे आणखी एक वेगळेपण भाषेचे आहे. पूर्व भागातील विणकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड घराघरांत आहे, आणि उर्दूही शहराची जुनी भाषा आहे. त्यामुळे ज्या काळात पुण्यातील रसिकाला इळैयाराजा हे नाव फारसे परिचित नव्हते, त्या काळात इथल्या यंत्रमागाच्या खडखडाटात त्यांच्या तेलुगू चाली आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम, एस. जानकी यांचे आवाज रोजचे होते. त्यागराज आणि बाख या दोघांना वंदन करणारा इळैयाराजांचा 1986 चा ‘हाऊ टु नेम इट’ हा अल्बम मराठी श्रोत्याला उपेक्षित वाटतो; तेलुगू घरात वाढलेल्या माझ्या मित्राला त्या शब्दाचेच आश्चर्य वाटते.

सीडीबद्दल फार सांगण्यासारखे नाही; ती महाग होती आणि लवकर गेली. एमपीथ्रीने मात्र अल्बम मोडला. एका चकतीवर शंभरावर गाणी आली, ‘भरून देणे’ हा शब्द कॅसेटवरून मोबाइलच्या मेमरी कार्डावर गेला, आणि कार्डातल्या फाइलींना गायकाचे नाव असले तरी कवी, संगीतकार, वर्ष आणि क्रम काहीच राहिले नाही. अजय-अतुल यांचा 2001 चा ‘विश्वविनायक’ हा गणेशस्तुतीचा अल्बम क्रमाने ऐकण्यासाठी बांधलेला आहे, पण बहुतेकांच्या कानावर तो उत्सवाच्या दहा दिवसांत तुकड्यातुकड्यांनीच पडला. त्याच जोडीच्या ‘सैराट’चे 2016 साली तेच झाले. करमाळा तालुक्यात चित्रित झालेल्या या चित्रपटात अवघी चार गाणी आहेत, त्यांच्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये मोठ्या सिम्फनी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले, आणि आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक वरातीत त्यांतले एकच गाणे वाजले. ‘याड लागलं’च्या सुरुवातीला व्हायोलिनांचा जो समूह हळूहळू उठत जातो, तो मी वरातीत कधी ऐकला नाही, तो ऐकला एका रात्री एसटीच्या खिडकीशी, कानात इअरफोन घालून, करमाळ्याहून परत येताना.