हॅलोवीन कार्ड, डिजिटल स्टॅम्पचं

डिजिटल स्टॅम्प म्हणजे कॉम्प्युटरवरची काळ्या रेघांची आउटलाइन, आत रंग काही नाही. ती कागदावर प्रिंट करायची, अल्कोहोल मार्करनी रंगवायची, कापून दुमडलेल्या कार्डशीटवर चिकटवायची की झालं हॅलोवीन कार्ड. रबरी शिक्का नाही, इंक पॅड नाही, हात काळे होत नाहीत, आणि एकच भोपळा लहान-मोठा करून, आरशातल्यासारखा उलटा करून पाच भोपळे करता येतात जे खऱ्या शिक्क्याला जमणारच नाही. बडोद्यात आमच्या ओळखीतल्या मराठी घरांत हा प्रकार शिरला तो अमेरिकेतल्या भाचरांमुळे. त्यांना दिवाळीचं ग्रीटिंग गेलं तर बरं वाटतं पण हॅलोवीनचं गेलं तर ते फ्रिजवर लागतं.

हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला, म्हणजे १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली रात्र. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं, तिकडे आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, लोक अमेरिकेत गेले तिथे भोपळे मुबलक म्हणून भोपळा आला. कार्डांची हौसही जुनीच, १९०० ते १९१० च्या सुमाराला अमेरिकेत हॅलोवीनची रंगीत पोस्टकार्डं धो धो खपत आणि त्यातली कितीतरी जर्मनीत छापून यायची. एलन क्लॅपसॅडल ही त्या काळातली नावाजलेली चित्रकार, तिची गुबगुबीत पोरं आणि हसरे भोपळे आजच्या डिजिटल स्टॅम्पमध्येही कुठे कुठे डोकावतात असं मला तरी वाटतं.

बडोद्यात भुताखेतांची रात्र वेगळी समजावून सांगावी लागत नाही. काळी चौदसला शेजारच्या गुजराती काकू ककळाट, म्हणजे घरातली कटकट, काढायला चार रस्त्यावर वडे ठेवतात, भोवती पाण्याचं रिंगण करतात आणि मागे वळून न बघता घरी येतात. आपल्याकडे त्याच सुमाराला पहाटे उटणं लावून अंघोळ आणि पायाच्या अंगठ्यानी कारीट फोडायचं. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी बरोब्बर ३१ ऑक्टोबरलाच आली होती, त्यामुळे एकाच दिवशी कारीट आणि व्हिडिओ कॉलवर चेटकिणीची टोपी घातलेली भाची असं सगळं झालं.

स्टॅम्पची फाइल जेपीजी नाहीतर पीएनजी असते, ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, असली की रेघ स्वच्छ येते. पीएनजीचं बॅकग्राउंड पारदर्शक असेल तर मांजर भोपळ्यावर बसवता येतं, जेपीजीचा पांढरा चौकोन मध्ये येतो. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते आणि रेघा फाटक्या येतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. विकत घेतलेला स्टॅम्प ग्रुपवर वाटणं हे मात्र चोरीच, चित्रकाराचं पोट त्यावर असतं. हात बरा असेल तर पातळ काळ्या पेनानी स्वतःच काढा, स्कॅन करा, कॉन्ट्रास्ट वाढवा, झाला स्टॅम्प. मुंजा किंवा हडळ हवी असेल तर बहुतेक हाच मार्ग, तयार मिळतात त्या सगळ्या झाडूवाल्या चेटकिणी.

खरी गोची प्रिंटमध्ये. घरच्या इंकजेटची शाई साधारणपणे पाण्याची असते आणि मार्करची अल्कोहोलची, म्हणून प्रिंट नीट वाळू दिली, मी तर रात्रभर ठेवते, की रेघ सहसा जागची हलत नाही. तीच प्रिंट वॉटरकलरनी रंगवायला गेलात तर वाहून जाईल. लेझर प्रिंटचं उलट, पाण्याला ती दाद देत नाही पण अल्कोहोलनी काही टोनर, म्हणजे लेझर आणि झेरॉक्सची छपाईची पूड, विरघळतो. गंमत म्हणजे कॉपिक हे जपानी मार्कर १९८७ मध्ये आले ते झेरॉक्सचा टोनर विरघळू नये म्हणूनच, नावसुद्धा कॉपीवरून. पण आताचे टोनर शंभर तऱ्हेचे. मी एकदा गल्लीच्या टोकाच्या दुकानातून प्रिंट आणली, पिवळा मार्कर रेघेवरून फिरवला आणि भोपळ्याला मिशा फुटल्या, वर मार्करचं टोक काळं झालं ते वेगळंच, अर्धा तास रद्दीवर घासत बसले. आधी कोपऱ्यात एक टिपका लावून बघावा, एवढं शहाणपण तेव्हा नव्हतं.

कागद गुळगुळीत आणि जाड घ्यावा, २५० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅमच्या, आसपासचा. मार्कर मागच्या बाजूला फुटतोच, म्हणून थेट कार्डावर कधी रंगवू नये, वेगळ्या तुकड्यावर रंगवून मग चिकटवावं. रंगवताना खाली एक कोरा कागद ठेवा, नाहीतर डायनिंग टेबलावर भोपळ्याची सावली कायमची राहते आणि मग आई काय बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कॉपिकच्या टोपणावरचं अक्षर रंगाचं घराणं सांगतं, पहिला आकडा रंग किती मळका ते, शेवटचा आकडा किती गडद. भोपळ्याला मी वाय ३८, वायआर ०४ आणि वायआर ०७ घेते. आधी सगळीकडे फिका रंग, तो ओला असतानाच फाकींच्या खाचांमधून गडद रंग बाहेर ओढायचा, झाडूच्या फटकाऱ्यासारखा, म्हणजे टोकाला रेघ विरते, आणि मग पुन्हा फिका त्या जोडावरून. सावलीला काळा घातलात तर भोपळा सडका दिसतो, तपकिरी किंवा किंचित जांभळा घाला. काळं मांजर पण काळं रंगवू नये, निळसर करड्या छटा घेऊन पाठीवर एक पट्टी कोरी सोडली की ते अंधारात चमकतं. ऑक्टोबर हीटमध्ये पंखा फुल असेल तर रंग मिसळायच्या आत अल्कोहोल उडून जातं आणि पट्टे पडतात, म्हणून घाम गाळत पंखा बंद करून बसायचं, किंवा पहाटे. कॉपिकचा एकेक मार्कर महाग पडतो, पण सगळा सेट लागत नाहीच, नारिंगीचे तीन, करड्याचे दोन, एक जांभळा आणि एक पोपटी इतक्यात पूर्ण हॅलोवीन होतं. दोन्ही बाजूंना टोक असलेले मार्कर आडवे ठेवावेत, उभे ठेवले की शाई एकाच टोकाला उतरते.

जुळणी सोपी. ए४ कार्डशीट अर्धी कापून दुमडली की ए६ कार्ड, १०५ बाय १४८ मिलिमीटर. त्यावर काळा किंवा जांभळा तुकडा, त्याच्यावर रंगवलेलं चित्र, आणि एखादी गोष्ट फोम टेपनी, म्हणजे दोन्हीकडून चिकटणाऱ्या जाड पट्टीनी, उचललेली. फोमचा थर एकच बरा, लिफाफा फुगला की पोस्टातल्या काउंटरवरचा माणूस तो दाबून बघतो. न्यू जर्सीला जायचं असेल तर सप्टेंबर संपायच्या आत टाकावं, म्हणजे ही सगळी भुतं गरब्याच्या आधी घराबाहेर पडायला हवीत, जे माझ्याकडून दर वर्षी होतंच असं नाही.

मागच्या खेपेला भाचीसाठी चेटकीण काढलीच नाही. लेकीकडून परत येणारी आपली भोपळ्यातली म्हातारी काढली, नऊवारी, नाकात नथ, भोपळ्याच्या खिडकीतून डोकं बाहेर, मागे झाडीत वाघाचे दोन पिवळे डोळे. कार्ड पोचल्यावर तिचा फोन आला, आजी आत कशी शिरली आणि वाघानी नंतर काय केलं, तर तासभर तीच गोष्ट सांगावी लागली.