पार्श्वभूमी : सांगलीतला टोळीप्रमुख, तडीपारी आणि मोक्का

सांगलीतला आजचा टोळीप्रमुख तालमीत कमी आणि प्लॉटवर जास्त घडला. पेठेपुरती हद्द असलेल्या जुन्या दादांचा काळ इथे बाजूला ठेवू. 1998 मध्ये सांगली, मिरज, कुपवाड मिळून एक महापालिका झाली आणि भोवतालच्या गुंठेवारीला, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या बिगरपरवाना प्लॉटना, भाव आला. सातबारा एकाचा, नोटरी दुसऱ्याची, ताबा तिसऱ्याचा. दिवाणी दावा निकाली निघेपर्यंत कोण थांबणार? ताबा ‘मिळवून देणारी’ पोरं इथूनच पोसली गेली. जोडीला खासगी सावकाराची वसुली होतीच. 2001 चा गुंठेवारी कायदा आणि 2014 चा सावकारी कायदा आला, तरी ही कामं थांबली नाहीत.

दोन-तीन मारामाऱ्या आणि खुनाच्या प्रयत्नाचा एखादा गुन्हा नावावर लागला की तडीपारीचा प्रस्ताव निघतो. 1951 च्या पोलीस कायद्यात त्याचे वेगवेगळे रस्ते आहेत. कलम 55 टोळीसाठी, तिथे जिल्ह्यात आदेश अधीक्षकांचा. कलम 56 एकट्या माणसासाठी, तिथे प्रांतांचा, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांचा. बातमीत मात्र सगळेच ‘तडीपार’. साक्षीदार उघडपणे बोलायला धजत नाहीत, म्हणून 56 मध्ये गोपनीय जबाबांवर भिस्त असते. मुदत जास्तीत जास्त 2 वर्षं.

घोळ आहे तो हद्दीचा. अंकलीचा पूल ओलांडला की कोल्हापूर जिल्हा. सांगलीतून हद्दपार झालेला गडी उदगाव-जयसिंगपुरात खोली घेऊन राहिला, तर त्यात बेकायदा काही नाही. वसुली फोनवरून चालते. म्हणून आदेशात शेजारचे जिल्हेही घातले जाऊ लागले. मग न्यायालयं विचारू लागली, एवढा मोठा टापू कशासाठी? जालन्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलं, की तडीपारी हा अपवादात्मक उपाय आहे आणि पूर्ण 2 वर्षं लावायची तर कारण नोंदवायला हवं. कायद्याच्या दृष्टीने ते रास्तच. पण तडीपारीने इथला भाई क्वचितच संपला. उलट तिने त्याला नाव दिलं. मुदत संपवून परतलेल्याच्या स्वागताला चौकात फलक लागतात.

त्याला खरं संपवतो तो मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा. मुंबईतल्या संघटित टोळ्या डोळ्यांपुढे ठेवून 1999 मध्ये झालेला हा कायदा पुढे जिल्ह्यांतल्या पोरांनाही लागला. दहा वर्षांत टोळीवर एकाहून जास्त दोषारोपपत्रं हवीत. ती प्रत्येक आरोपीवर असण्याची गरज नाही. पूर्वपरवानगी कोल्हापूर पोलीस परिक्षेत्रातून येते. दोषारोपपत्राला 90 ऐवजी 180 दिवस मिळू शकतात आणि जामीन जवळपास अशक्य होतो. कालपरवा टोळीत आलेलं अठरा-वीस वर्षांचं पोरगंही त्याच कलमात सापडतं, ही बचाव पक्षाची तक्रार अगदीच पोकळ नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेतही संघटित गुन्हेगारीचं कलम 111 आलं आहे.

प्रमुख आत असताना वसुली दुसऱ्या फळीकडे जाते. वकिलाची फी थकते. तो सुटतो तेव्हा त्याच्याच दोन पोरांनी वेगळ्या टोळ्या केलेल्या असतात, आणि त्याच्यावरचा पुढचा हल्ला बहुधा त्यांच्यातूनच होतो.