कुलाबा कॉजवे: आज जिथं झुमके विकतात तिथं आधी भरतीचं पाणी होतं

मुंबईला कोणी पाहुणे आले की ठरलेला बेत असतो, गेटवे बघायचं, ताजसमोर फोटो काढायचा आणि मग मागच्या बाजूनं कॉजवेला शॉपिंग. रीगलच्या चौकातून आत शिरलं की फुटपाथवर एका बाजूला दुकानं, दुसऱ्या बाजूला फेरीवाले आणि मधे माणसाला जेमतेम चालायला जागा. ऑक्सिडाईज्ड झुमके, कोल्हापुरी, मोबाईलची कव्हरं, पितळेची होकायंत्रं ज्यांच्यावर शे-दीडशे वर्षांपूर्वीचं साल कोरलेलं असतं आणि माल मात्र नवाकोरा असतो. आता हा बाजार नेमका इथंच का वसला, याचं उत्तर दुकानांत नाही तर रस्त्याच्या खाली आहे असं मला वाटतं.

कारण मुळात हा रस्ता नव्हताच, समुद्र होता. मुंबई सात बेटांची हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं, त्यातली शेवटची दक्षिणेकडची दोन म्हणजे धाकटा कुलाबा (इंग्रजांचं ओल्ड वुमन्स आयलंड) आणि मोठा कुलाबा. वस्ती कोळ्यांची. बाकीची मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला 1668 मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्यानं मिळाली पण ही दोन बेटं हातात यायला 1675 उजाडलं. पुढं 1796 मध्ये कुलाबा लष्करी छावणी म्हणून जाहीर झाला, आणि ती छावणी आजही आहे, नेव्ही नगर किंवा आर. सी. चर्चची पाटी लावलेल्या बेस्टच्या बशी तिकडंच तर जातात.

पण छावणी असून जायचं कसं? ओहोटी असेल तर चालत, नाहीतर होडीनं. मुंबईत रात्री जेवायला गेलेला साहेब वेळ चुकला की भरतीत अडकणार, आणि असे लोक बुडाल्याचेही उल्लेख आहेत. शेवटी 1838 मध्ये बांध घालून दोन्ही बेटं मुंबईला जोडली, तोच हा कॉजवे. सोय झाल्याबरोबर जमिनीचे भाव चढले, मुंबईत तेव्हाही तेच आणि आत्ताही तेच!

पहिला मोठा धंदा आला तो मात्र कापसाचा. टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानात कापसाच्या गाठींचे ढीग पडायचे, ते 1844 मध्ये तिथून उचलून कुलाब्याला नेले. म्हणजे आतल्या मुलखातून बैलगाड्यांनी आलेला कापूस याच एका चिंचोळ्या बांधावरून पलीकडं जायचा. पुढं 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि नेमका त्याच वर्षांत, 1861 ते 63 मध्ये, कॉजवे रुंद केला गेला. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, बॅकबेच्या (समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपनीच्या) शेअर्समध्ये पैसे घातलेले भलेभले शेठ बुडाले. कापूस बाजार नंतर शिवडीच्या बाजूला गेला, हार्बर लाईनवरचं कॉटन ग्रीन स्टेशन ते त्याच बाजाराचं. कुलाब्यात कापसाची खूण शोधायला गेलात तर फारसं काही हाताला लागत नाही.

त्यानंतर ट्राम, आणि माझ्या मते कॉजवेचा बाजार खऱ्या अर्थानं इथून उभा राहिला. 9 मे 1874 ला मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, त्यातला एक मार्ग कुलाब्यापासून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, भाडं तीन आणे. रेल्वे पण त्याच सुमारास कुलाब्यापर्यंत आली होती. पुढच्याच वर्षी, 1875 मध्ये, ससून डॉक सुरू झाला, जिथं आजही पहाटे मासळीचा लिलाव लागतो आणि कोळणींचा आवाज लांबून ऐकू येतो. आता हे सगळं एकत्र धरा. सैनिक, खलाशी, व्यापारी, डॉकवरचे कामगार, सगळ्यांना यायला-जायला मुख्य वाट ही एकच, बाटलीच्या गळ्यासारखी. दुकानदाराला अजून काय पाहिजे? लिओपोल्ड कॅफे 1871 चं, आज लोक तिथं बिअर प्यायला जातात पण इराण्यांनी सुरू केलं तेव्हा तो खाद्यतेलाचा ठोक व्यापार होता, हॉटेल वगैरे नंतर झालं.

ट्रामवरून एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुलाब्याला 1826 पासून वेधशाळा आहे, पावसाळ्यात रोज बातम्यांत 'कुलाबा इतके मिलिमीटर, सांताक्रूझ तितके' ऐकतो ना, त्यातला तो कुलाबा. तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं घ्यायचे, अगदी नाजूक उपकरणांवर. मग घोडे काढून विजेच्या ट्राम आणायचं ठरलं आणि लक्षात आलं की वीज आली की ही मोजमापं बिघडणार. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस, या जागेवरचे पहिले भारतीय. त्यांनी चुंबकीय काम खाडीपलीकडं अलिबागला हलवलं, 1904 मध्ये, आणि दोन वर्षं दोन्हीकडं एकदमच नोंदी घेतल्या म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे जुळतील. विजेची ट्राम 1907 ला धावली. अलिबागची ती वेधशाळा अजून चालू आहे, बीचवर जाताना किती लोक तिच्याकडं वळून बघतात कोण जाणे.

1903 ला ताज झालं, 1924 ला गेटवे पूर्ण झालं, आणि गिऱ्हाईक बदलायला लागलं. शहरातली पहिली बस 15 जुलै 1926 ला निघाली तीही अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे परत कुलाब्यातूनच. 1930 संपता संपता कुलाबा स्टेशन बंद झालं, मुंबई सेंट्रल नवीन झालं होतं, आणि स्टेशनच्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची कॉलनी आहे. स्टेशन गेल्यावर बाजार ओस पडायला हवा होता, पण झालं उलटंच. 1932 ला मोंडेगार कॅफे, 1933 ला रीगल सिनेमा (एअरकंडिशन्ड आणि तळघरात गाड्या लावायची सोय, त्या काळात!), 1934 ला पारश्यांची वसाहत, खुसरो बाग. त्या बागेला रस्त्याच्या अंगानं दुकानं काढलेली आहेत, म्हणजे वाडी आत आणि बाजार बाहेर, ही मला फार हुशारीची गोष्ट वाटते. मोंडेगारच्या भिंतींवर आपल्या गोव्याच्या मारिओ मिरांडाची चित्रं आहेत, जागा मिळेपर्यंत उभं राहून तीच बघावीत.

ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली. सत्तरच्या दशकात हिप्पी आले, मग पाऊस बघायला येणारे अरब, आणि फुटपाथवरचा माल त्यांच्या आवडीनं बदलत गेला. आज दिसणारा कॉजवे बराचसा या काळातला आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात लिओपोल्डवर गोळीबार झाला, माणसं मारली गेली, तरी काही दिवसांत ते परत उघडलं, गोळ्यांच्या खुणा ठेवलेल्या आहेत. त्यांच्यासमोर सेल्फी काढणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

फेरीवाले हटवा आणि फेरीवाले राहू द्या हा वाद मात्र जुनाच, 2014 चा पथविक्रेता कायदा आला तरी मिटलेला नाही. भाव करायची पद्धत पण तीच आहे, परदेशी गिऱ्हाईक दिसलं की विक्रेता तोंडानं न बोलता कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून पुढं करतो, सहाशे, ते कमी दाबतं, तो परत दाबतो. मराठीत बोललात तर सुरुवातच खालून होते, आणि सकाळी लवकर गेलात तर 'ताई, भवानी व्हायचीय' म्हणत अजून थोडं सोडतात.

रस्त्याचं नाव कागदोपत्री शहीद भगतसिंह मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला कॉजवेच सांगा. आणि 2025 च्या ऑक्टोबरपासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत चालू झाली आहे, म्हणजे कुलाब्याच्या या टोकाला तब्बल पंचाण्णव वर्षांनी परत रेल्वे आली म्हणायची. रविवारी संध्याकाळी गाडी घेऊन जायचा विचार असेल तर तो सोडा आणि मेट्रोनंच जा.