लोपेरामाइड आणि अ‍ॅड्रिनलचे पेशंट

लोपेरामाइड म्हणजे लूज मोशन थांबवायची गोळी, साधारण २ मिलिग्रॅमची, १९६९ साली बेल्जियमच्या जान्सेन कंपनीत तयार झालेली आणि पुढे इमोडियम नावाने जगभर गेलेली. खरं तर हे अफूच्या खानदानातलं औषध आहे पण नेहमीच्या डोसला नशा येत नाही, कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांवर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो तो याला आत शिरू न देता बाहेर फेकतो. आतड्याच्या भिंतीतल्या ओपिऑइड रिसेप्टरवर (अफूसारखी औषधं जिथे चिकटतात त्या जागांवर) बसून आतड्याची हालचाल मंद करायची, एवढंच याचं काम असं बहुतेकांना वाटतं. पण ज्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी झाल्यात त्यांच्या रक्तातलं एसीटीएच हे हार्मोन या गोळीने खाली येतं, हे १९८० च्या दशकात इटलीतल्या डॉक्टरांनी दाखवलं.

आता एसीटीएच कशाला असतं ते आधी. अ‍ॅड्रिनल या किडनीच्या डोक्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी, त्या कॉर्टिसॉल बनवतात आणि अंगात मीठ टिकवणारं अल्डोस्टेरॉनही. कॉर्टिसॉल कमी पडलं की मेंदूखालची पिट्युटरी एसीटीएच सोडून त्यांना कामाला लावते. ग्रंथीच खराब झाल्या तर त्याला अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात (थॉमस अ‍ॅडिसनने १८५५ मध्ये वर्णन केला, आपल्याकडे टीबी हे त्याचं जुनं आणि अजूनही न संपलेलं कारण), मग पिट्युटरी एसीटीएच ओततच राहते, आकडा नॉर्मलच्या कितीतरी पट जातो. त्याच्याच जोडीने चामडी काळवंडते. नागपुरात मे महिन्यात कोणी काळा पडला तर लोक उन्हाला नावं ठेवून मोकळे होतात, पण ऊन हिरड्यांना लागत नाही ना, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळ्या दिसल्या तर तिथे डॉक्टरचे कान टवकारले पाहिजेत.

पिट्युटरीचा एसीटीएच सोडणारा भाग मेंदूभोवतीच्या त्या पंपवाल्या अडथळ्याच्या बाहेर असतो, त्यामुळे लोपेरामाइडला तिथवर जायला वाट मोकळी. गोळी घेतली की काही तासांत एसीटीएच उतरतं. आता गंमत अशी की अ‍ॅडिसनच्या पेशंटचं कॉर्टिसॉल यामुळे ना वाढतं ना कमी होतं, ते येतं हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे बाहेरून दिलेल्या कॉर्टिसॉलच्या, गोळीतून. बंद पडलेल्या एम्प्रेस मिलसमोर भोंगा जोरात वाजवा की हळू, कापड निघणार नाहीच. म्हणून रिपोर्टमध्ये एसीटीएच कमी दिसलं की "आजार बरा होतोय" किंवा "स्टेरॉइडचा डोस जास्त झाला" असा अर्थ काढून कोणी गोळ्या कमी केल्या तर ते सरळ धोक्याचं आहे. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वात कामाची गोष्ट हीच, बाकी रिसर्चवाल्यांसाठी.

ज्यांच्या ग्रंथी शाबूत आहेत त्यांचं मात्र वेगळं. त्यांच्यात एसीटीएच उतरलं की मागोमाग कॉर्टिसॉलही उतरतं, इतकं की १६ मिलिग्रॅम लोपेरामाइड देऊन कुशिंग (अंगात कॉर्टिसॉल फाजील होण्याचा आजार) ओळखायची टेस्टही निघाली होती, कुशिंगवाल्यांचं कॉर्टिसॉल दबत नाही म्हणून. आता ती कोणी फारशी करत नाही, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या टेस्टवर भागतं. ज्यांची पिट्युटरी आधीच सुस्त आहे, म्हणजे वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेऊन सोडलेले, किंवा गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या खाणारे (त्यात बरेचदा स्टेरॉइडच मिसळलेलं असतं), त्यांनी ही गोळी रोजची करू नये. फार मोठे डोस दीर्घकाळ खाल्ल्याने कॉर्टिसॉल पडल्याच्या केसेस जर्नलमध्ये आलेल्या आहेत. भरमसाट डोसने हृदयाचे ठोके बिघडतात म्हणून अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये इशाराही दिला.

पण खरा घात हार्मोनच्या आकड्यात नाही, जुलाबात आहे. नागपूरचा उन्हाळा ४५ डिग्रीच्या पुढे जातो, घामातून मीठ आधीच चाललेलं, वरून सकाळी तर्री पोहा, रात्री सावजी, रस्त्यावरचा उसाचा रस बर्फ टाकून, पोट बिघडायला वेळ लागत नाही. मेडिकलवाल्याला म्हणायचं "भाऊ, लूज मोशनची दे" आणि विषय संपला, असं चारचौघांचं चालतं. अ‍ॅडिसनवाल्याचं चालत नाही, कारण त्याच्या अंगात मीठ धरून ठेवणारं हार्मोन नाही, आणि जुलाबात हायड्रोकॉर्टिसोनची गोळी पूर्ण अंगी लागेल याची खात्री नाही. त्यात जुलाब, उलटी, पोटदुखी ही अ‍ॅड्रिनल क्रायसिसचीच, म्हणजे कॉर्टिसॉल अचानक अपुरं पडून जिवावर बेतण्याची, लक्षणं असू शकतात! म्हणजे गोळीने जुलाब थांबला, घरच्यांना वाटलं सुधारतोय, आणि आत बीपी घसरतंय, सोडियम घसरतंय. अशा वेळी १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाइन लागतं, तेही लगेच, सकाळपर्यंत वाट पाहून नाही. लोपेरामाइड घ्यायचीच तर डॉक्टरला विचारून, ताप किंवा शौचातून रक्त असेल तर नाहीच. ओआरएस पाकिटातलं घ्या, टेट्रापॅकमधलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे.

एसीटीएचची तपासणी करायचीच असेल तर ती सकाळी ८ च्या आसपास, कारण दिवस चढतो तसं ते आपोआपच उतरतं. सॅम्पल जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, बर्फात ठेवून लगेच लॅबमध्ये जायला हवं, हे हार्मोन गरमीत लवकर तुटतं. मे महिन्यात घरून रक्त घेऊन जाणारा पोरगा ती ट्यूब बॅगेत तशीच टाकून उन्हात बर्डीवरून धंतोलीला गेला तर आकडा लोपेरामाइडशिवायही खोटा कमी येईल. आधीच्या एक-दोन दिवसांत जुलाबाची गोळी घेतली असेल तर ते फॉर्मवर लिहून द्यायचं, लॅबवाला स्वतःहून विचारेलच असं नाही.