भीतीने कॅन्सर परत येत नाही
‘मनात वाईट आणू नका, भीतीनेच कॅन्सर उलटतो’ असा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय. पाठवणाऱ्याची माया खरी असते, पण कारण चुकीचं आहे. आजार उलटतो तो उपचारांतून वाचलेल्या पेशींमुळे. धोका ठरतो कॅन्सरचा प्रकार, टप्पा आणि उपचारांना मिळालेला प्रतिसाद यांवरून. फॉलोअपला डॉक्टरांनाच विचारा, ‘माझा धोका कशावरून ठरवता?’ ते रिपोर्ट दाखवतील, मनातले विचार मोजणार नाहीत.

तपासणीच्या आदल्या रात्री डोळा न लागणं, आंघोळ करताना तीच जागा पुन्हापुन्हा चाचपणं, हे अनेकांचं होतं. त्यांना ‘हसत राहा’ म्हटलं की ते बोलायचेच थांबतात. झोप, जेवण बिघडलं तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ही भीती उपचारांनी कमी होऊ शकते. नवं दुखणं मात्र मनाचे खेळ समजून अंगावर काढू नका.